चेतापेशींचे ठरलेले आणि अकाली मरण



गर्भाच्या वाढीत चेतासंस्था गरजेपेक्षा कितीतरी अधिक चेतापेशी घडवते आणि त्यांतील बऱ्याचशा जन्माआधीच नाहीशा होतात; कोंबडीच्या गर्भात स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या, म्हणजेच प्रेरक, चेतापेशींपैकी सुमारे निम्म्या अशाच मरतात, आणि हे मरण बिघाड नसून घडणीचाच भाग आहे.

व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी 1934 साली कोंबडीच्या गर्भातील पंखाचा अंकुर काढला, तेव्हा मज्जारज्जूच्या त्या बाजूस प्रेरक पेशी फार कमी आढळल्या. अवयवच नसल्याने त्या तयार झाल्या नसाव्यात, असा अर्थ त्यांनी लावला. इटलीच्या 1938 मधील वंशभेदी कायद्यांमुळे ज्यू असलेल्या रिटा लेव्ही-मोन्तालचिनी यांना विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा त्यांनी तुरिनमधील घरी, झोपण्याच्या खोलीत, शिवणाच्या सुयांना धार लावून केलेल्या हत्यारांनी याच प्रश्नाचा माग घेतला. वाढीच्या एकामागून एक टप्प्यांवरचे गर्भ चिकाटीने तपासल्यावर त्यांना दिसले, की पेशी तयार होतात, अवयवाच्या दिशेने तंतू धाडतात आणि मगच मरतात. पुढे हॅम्बर्गर यांनीच त्यांना अमेरिकेत सेंट लुइसला बोलावून घेतले आणि आपल्या निष्कर्षाला छेद देणारा हा अर्थ मान्य केला, ही गोष्ट त्या शोधाइतकीच मोलाची मानली पाहिजे.

लक्ष्य-अवयव जगण्याचा संदेश देणारी प्रथिने मोजकीच स्रवतो. ज्या पेशीला ती मिळतात ती तगते आणि जिला मिळत नाहीत तिच्यातील कॅस्पेज नावाची विकरे तिला आतून कापून काढतात. अवशेष शेजारच्या पेशी दाह न होता गिळून टाकतात, आणि चेतापेशींची संख्या स्नायूंच्या गरजेशी जुळते. अशा प्रथिनांपैकी पहिल्याच्या, चेतावृद्धी घटकाच्या, शोधाबद्दल लेव्ही-मोन्तालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986 चे नोबेल मिळाले.

रोगातील मरणाला असा हिशेब नसतो. कंपवातात मध्यमेंदूतील डोपामाइन बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षे झिजत जातात आणि हाताला कंप सुटेपर्यंत त्यांचा मोठा हिस्सा गेलेला असतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यास मात्र घाव काही मिनिटांतच बसतो: ऊर्जेअभावी पेशींतून ग्लुटामेट हा संदेशवाहक बेसुमार सांडतो, त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसते आणि त्या फुगून फुटतात. मध्यभाग वाचत नाही. भोवतालच्या पेशी मात्र काही तास तग धरतात, म्हणून गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांच्या आत, तेही मेंदूत रक्तस्राव नसल्याची खात्री सीटी स्कॅनने झाल्यावरच द्यावे लागते. तेव्हा तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर रुग्णाला अशी सोय असलेल्या रुग्णालयातच तातडीने न्यावे.