चाकांवरचे घर, आपल्या हातचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळात आजवर लोणची, शिवण, बालसंगोपन अशा विषयांवर पुष्कळ बोलणे झाले. आजचा विषय जरा निराळा आहे. मोटारीच्या मागे जोडून न्यायचे, निजण्यापुरते लहानसे ॲल्युमिनियमचे घर आपले आपण कसे बांधतात, हे मी सांगणार आहे. ‘हे बायकांच्या मंडळात कशाला?’ असे कुणाच्या मनात आले असेल, तर तिने थोडा धीर धरून ऐकावे.

चाकांवरचा मुक्काम आपल्याला परका नाही. नांदेडहून लातूरकडे येताना लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. तेथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार होतो. जुन्या काळी यात्रेकरूंच्या गाड्या तेथे सुटल्या, की गाडीखाली अंथरूण आणि शेजारी तीन दगडांची चूल, असा संसार मांडला जाई. आणि लातूरकडची येळवस तर आपण सर्वजणी जाणतो. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन शेतात जायचे आणि कडब्याची कोप उभी करायची. ती कोप कुणी गुत्तेदाराकडून बांधून घेत नाही. घरचीच माणसे बांधतात.

अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात हौशी लोकांनी मोटारीमागे ओढायच्या लहान गाड्या घरीच बांधायला सुरुवात केली. कारागिरीच्या मासिकांतून त्यांचे नकाशे छापून येत. बाजूने पाहिले तर आकार पाण्याच्या थेंबासारखा, पुढे गोल आणि मागे निमुळता. म्हणून तिला तिकडे ‘टिअरड्रॉप’ म्हणतात. १९४५ साली महायुद्ध संपल्यावर या गाड्या फार लोकप्रिय झाल्या. पुढे मोठ्या गाड्यांची चलती झाली आणि या मागे पडल्या. १९९० नंतर मात्र हौशी लोकांनी त्या पुन्हा उचलून धरल्या. आता तिकडे कापलेली फळी, सांगाडा, आख, दारे, स्क्रू असा सगळा संच विकत मिळतो. सोबतच्या पुस्तिकेत पाहून तो घरी जोडायचा असतो.

तिचे माप ऐकाल तर नवल वाटेल. साधारण ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच. याचे कारण सोपे आहे. प्लायवुडचा तक्ता ८ बाय ४ फुटांचा येतो, आपल्या बाजारातही तोच मिळतो. एका तक्त्यात एक बाजू निघते, फार वाया जात नाही. ब्लाउजपीस बेतताना आपण करतो तोच हा हिशेब. आत दोघांनी निजायचे, उभे राहायचे नाही. मागचे झाकण वर उचलले, की त्याखाली स्वयंपाकाचा ओटा. स्वयंपाक बाहेर उभे राहून करायचा. उचललेले झाकणच डोक्यावर छप्पर होते.

वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा का? तो लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा असतो आणि लोखंडासारखा गंजत नाही. पण त्याच्या दोन खोडी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की तो उन्हाने वाढतो. ८ फुटी पत्रा ४० अंशांनी तापला, तर सुमारे २ मिलीमीटर वाढतो. म्हणून त्याची भोके किंचित सैल ठेवतात. घट्ट आवळला तर पत्रा फुगतो आणि सांधा उघडून पाणी आत येते. दुसरी खोड अशी, की ओलाव्यात लोखंडाला चिकटून राहिला तर तो तेथे खाल्ला जातो. म्हणून दोहोंच्या मध्ये रंग किंवा रबराची पट्टी हवी.

नुसत्या पत्र्याखाली उन्हाळा काढणे काय असते, हे लातूरकरांना सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर कित्येक कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. सबब पत्रा आणि आतली फळी यांच्यामध्ये थर्माकोलसारखा थर घालायलाच हवा, आणि वारा खेळायला छतात झरोका हवा. दारे लावल्यावरही थोडी हवा आत-बाहेर होत राहिली पाहिजे. शेगडी वा कोळसा निजायच्या जागी कधीही पेटवू नये. एवढ्याशा बंद जागेत धुराचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. गॅसचा ५ किलोचा लहान सिलिंडरसुद्धा बाहेरच्या बाजूला, हवेशीर कप्प्यात ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले, की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकीने पाहिले आहे. येथेही तेच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर पडला पाहिजे. गाडी ४०० किलोची असेल, तर ४० ते ६० किलो. भार कमी पडला, तर वेगात गाडी शेपटासारखी डावी-उजवी हलू लागते आणि आपल्यासह रस्त्यावरच्या परक्या माणसाचाही घात होतो. मागे ओट्यात पाण्याचे कॅन, पिठाचे डबे, खलबत्ता कोण भरते? आपणच. म्हणजे या गाडीचा तोल सांभाळणे बव्हंशी स्वयंपाक करणारीच्या हाती आहे. हा विषय बायकांच्या मंडळात का, याचे उत्तर येथे मिळते.

कायदाही पाहिला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मोटारीमागे ओढायची गाडी हेही वाहन आहे. तिलाही नोंदणी लागते, आणि मोटारीला जोड बसवणे यालाही नियम आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे. पण त्याने घरी बांधलेली गाडी आपोआप रस्त्यावर चालत नाही. सामान आणण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन विचारावे. माहूरचा घाट चढताना अशी गाडी ओढण्याइतकी आपली मोटार समर्थ आहे का, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे.

इतके ऐकून कुणी म्हणेल, ‘मग हा उद्योग करूच नये की!’ माझे म्हणणे तसे नाही. आपल्या घरांचे ओटे कुणी ठरवले? ज्याने कधी भाकरी थापली नाही, त्याने. मिस्त्री सांगेल ती उंची, गुत्तेदार सांगेल ती खिडकी, आणि पाठ दुखते आपली. ८ बाय ४ चे घर इतके लहान आहे, की त्याचा प्रत्येक सांधा एका बाईला स्वतः समजून घेता येतो. एकदा ड्रिल हातात धरले, मोजपट्टी लावली, आख कोठे बसतो आणि का, हे कळले, की पुढच्या वेळी मिस्त्रीपुढे आपण नुसती मान डोलावणार नाही.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली फुकटची आहे. घरी जमिनीवर खडूने ८ बाय ४ चा चौकोन आखावा, त्यातला मागचा दीड-दोन फूट भाग ओट्यासाठी सोडावा आणि उरलेल्या जागेत दोघांनी दोन रात्री निजून पाहावे. निम्म्या जणींची हौस तेथेच फिटेल, आणि पैसे वाचतील. दुसरी सूचना अशी, की येत्या येळवशीपूर्वी आपण या गाडीचा फक्त मागचा ओटा बांधावा. प्लायवुडची एक पेटी. वर उघडणारे झाकण, मसाल्याचे कप्पे, शेगडीला वाऱ्याचा आडोसा. तिला नोंदणी नको की जोड नको. टेम्पोत घालून शेतात नेता येईल. उंची आपल्या कोपराच्या मापाने आपणच ठरवू. सुताराला बोलावू, पण शिकवायला. करवत आपल्या हाती राहील.

पेटी नीट झाली, तर उरलेल्या सहा फुटांचा विचार पुढच्या वर्धापनदिनी करू. ज्यांना या कामात यायचे आहे, त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाह बाईंकडे नावे द्यावीत.