'शॅल', 'मे' आणि आपण
(वर्षावासानिमित्त कारधा येथील विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासात विहारात धम्मावर बोलायचे असते. मी मात्र आज इंग्रजी व्याकरणावर बोलणार आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी 'मोडल ऑक्झिलिअरी' असे सांगितले, तर एक जण म्हणाले, "भाऊ, हे मोटारीचे काही आहे का?" मोटारीचे नाही. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट, ही ती सहायक क्रियापदे. ऑट टू, नीड, डेअर हे त्यांचे चुलतभाऊ. दिसायला चिमुकले शब्द आहेत, पण कोर्टाचा समन्स, बँकेची नोटीस, नोकरीची जाहिरात आणि भारताचे संविधान यांचा सगळा भार याच शब्दांवर असतो.

हा विषय का निवडला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतली एक आजी एका कर्ज देणाऱ्या संस्थेची इंग्रजी नोटीस घेऊन माझ्या काउंटरवर आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "बाबू, माहं घर जाते का आता?" कोणीतरी तिला सांगितले होते की घराचा लिलाव ठरला. हातातल्या पाटल्या मोडायला ती सराफाकडे निघाली होती, वाटेत बँक लागली म्हणून थांबली. मी कागद वाचला. पैसे न भरल्यास संस्था कायदेशीर कारवाई करू शकेल, असे त्यात लिहिले होते आणि शब्द होता 'मे'. म्हणजे लिलाव ठरलेला नव्हता. परंतु त्याच कागदात वरच्या ओळीत पंधरा दिवसांत संपर्क साधावा अशी सूचना होती, तिथे शब्द होता 'मस्ट', आणि ती ओळ तिला कोणीच वाचून दाखवली नव्हती. त्या पंधरापैकी अकरा दिवस रडण्यात गेले होते. ज्याला भ्यायचे नव्हते त्याला ती भ्याली, आणि जे करायचे होते ते राहून गेले. उरलेल्या चार दिवसांत आम्ही जाऊन हप्ते बांधून आणले. पाटल्या वाचल्या.

आता थोडे व्याकरण. विद्यार्थ्यांनी वही काढावी.

ही क्रियापदे कर्त्याप्रमाणे बदलत नाहीत. 'ही गोज' होते, पण 'ही कॅन्स' होत नाही. त्यांच्यापुढे मूळ क्रियापद येते, त्याला एस नाही, ईडी नाही, मध्ये 'टू'ही नाही. अपवाद 'ऑट टू'चा. 'ही मस्ट टू गो' असे आपली मुले हमखास लिहितात, आणि तेवढ्यावर गुण जातात. नियम एवढाच. अवघड नियम नाही, अर्थ अवघड आहे, आणि तो अवघड होण्याचे कारण आपल्या मराठीत आहे.

मराठीत एक 'पाहिजे' सगळी कामे करतो. "तू डॉक्टरकडे जायला पाहिजे" हा सल्ला झाला, 'शुड'. "परीक्षेला ओळखपत्र आणलेच पाहिजे" ही सक्ती झाली, 'मस्ट'. आपण फक्त एक 'च' घातला. इंग्रजीत तो 'च' नाही, तिथे शब्दच बदलावा लागतो. मी नोकरीला लागलो तेव्हा रजेच्या पहिल्या अर्जात "यू शुड ग्रँट मी लीव्ह" असे लिहिले होते. माझ्या मनात "रजा द्यावी" अशी नम्र विनंती होती. साहेबांनी वाचले ते "तुम्ही मला रजा द्यायला हवी" असे. लाल शाईने खूण करून अर्ज परत आला. मराठीतला विध्यर्थ, म्हणजे 'द्यावी', 'जावे', 'करावे', हा विनंतीलाही चालतो, कर्तव्यालाही चालतो, आशीर्वादालाही चालतो. इंग्रजीत विनंतीसाठी 'मे', 'कुड', 'वुड' वापरायचे. आम्हांला एबीसीडी पाचवीत भेटली, त्यामुळे हे कळायला नोकरी लागली. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा तुम्हांला ती सबब नाही.

नकारात तर जास्तच सांभाळावे लागते. 'मस्ट नॉट' म्हणजे 'करूच नये', 'नीड नॉट' म्हणजे 'करायची गरज नाही'. पुरात पुलावर "यू मस्ट नॉट क्रॉस" असे लिहिले असेल तर ती बंदी आहे. आपण कारध्याचे लोक. वैनगंगा फुगली की जुन्या पुलाकडे बघायला गर्दी करतो. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर कोणी विसरलेला नाही. त्या वेळी पाणी वाढू 'शकते' आणि पाणी वाढ'णार' यांतला फरक ज्यांनी वेळेत ओळखला त्यांची भांडीकुंडी वाचली.

जुन्या इंग्रजी व्याकरणात 'शॅल' आणि 'विल' यांचा एक नियम होता. 'आय' आणि 'वुई' यांच्यापुढे 'शॅल' आले तर साधा भविष्यकाळ, 'विल' आले तर निर्धार. 'ही', 'यू', 'दे' यांच्यापुढे नेमके उलट. यावर मास्तर लोक एक गोष्ट सांगत. एक मनुष्य नदीत बुडत होता. तो ओरडला, "आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!" काठावरच्या व्याकरण जाणणाऱ्यांनी अर्थ लावला : मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवले तर! ते आज्ञाधारक लोक टोप्या काढून उभे राहिले. आज बोलण्यात हा नियम कोणी पाळत नाही, सगळीकडे 'विल' चालते. मात्र कायद्याच्या भाषेत 'शॅल' अजून पाय रोवून आहे.

या 'शॅल'चे मूळ मला फार आवडते, कारण ते आमच्या खात्याचे आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'देणे लागतो' असा होता. 'ऑट'सुद्धा 'ओ' म्हणजे 'देणे असणे' याच क्रियापदातून आला. आता आपली मराठी बघा. "मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो" आणि "मला जावे लागते". दोन्हींत 'लागणे'. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी कर्ज आणि कर्तव्य एकाच शब्दात बांधले. तेव्हा संविधानात 'द स्टेट शॅल' असे आले की मी मनात वाचतो : सरकार देणे लागते.

संविधानाकडे येतो, कारण हे शब्द तिथे नीट तोलून बसवलेले आहेत. १९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मार्गदर्शक तत्त्वांवर चर्चा चालू होती. मसुद्यात 'स्ट्राइव्ह' म्हणजे झटणे असा शब्द होता. बाबासाहेबांनी तो शब्द महत्त्वाचा असल्याचे सांगितले. परिस्थिती कितीही प्रतिकूल असली तरी सरकारने झटत राहिलेच पाहिजे, यासाठी तो घातला आहे. नाहीतर पैसा नाही, काळ वाईट आहे, म्हणून प्रयत्नही करत नाही, असे म्हणायला कोणतेही सरकार मोकळे राहील, असा त्यांचा मुद्दा होता. एका क्रियापदासाठी कायदामंत्री सभागृहात उभे राहतात, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

पुढे चार दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, शिक्षणाचे कलम आले. मसुद्यात आधी प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे असे वाक्य होते, आणि मग सरकार तसा प्रयत्न करील असे. हक्काचे वाक्य त्या दिवशी गाळले गेले. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत बसते, तेव्हा भाषाही तशीच हवी, अशी दुरुस्ती आली आणि ती बाबासाहेबांनी स्वीकारली. मात्र शिक्षण फक्त प्राथमिकपुरते ठेवा, ही दुसरी सूचना त्यांनी मानली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला लावता येणार नाही असे दुसरे कलम सांगते, मग ते मूल त्या वयापर्यंत शाळेतच असले पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले.

अशा रीतीने कलम ४५ मध्ये राहिले 'शॅल एन्डेव्हर टू प्रोव्हाइड', दहा वर्षांत. 'शॅल' आहे, पण तो 'देणे' या क्रियापदावर नाही, 'प्रयत्न करणे' यावर आहे. सरकार प्रयत्न देणे लागते, शाळा नव्हे. दहा वर्षे १९६० मध्ये संपली. आमच्या आईवडिलांची पिढी त्या 'एन्डेव्हर'मध्येच म्हातारी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, कलम २१-अ आले आणि त्यात 'शॅल प्रोव्हाइड' असे शब्द आले. ते अमलात आले १ एप्रिल २०१० रोजी. 'एन्डेव्हर' हा एक शब्द निघायला साठ वर्षे लागली.

आरक्षणाबाबत आपल्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. लोकसभेतील राखीव जागांचे कलम ३३० आहे, त्यात जागा राखीव 'शॅल बी' असे आहे. ती सक्ती आहे. (आपल्या भंडाऱ्यातूनच बाबासाहेबांनी १९५४ ची पोटनिवडणूक लढवली आणि ते पडले, हे शल्य आपल्या जिल्ह्याला आहेच.) परंतु सरकारी नोकऱ्यांचे कलम १६(४) वाचा. तिथे सरकारने आरक्षण द्यावेच असे नाही. आरक्षणाची तरतूद करण्यास या कलमातील कशानेही सरकारला अडथळा 'शॅल' होणार नाही, असे आहे. इथला 'शॅल' अडथळ्याला बांधतो, सरकारला नाही. अर्थ 'मे'चा निघतो : सरकारला तसे करता येईल. १९६७ मध्ये राजेंद्रन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात पुन्हा सांगितले. तो निकाल आला तेव्हा आपल्या वस्तीत संताप झाला; मलाही वाईट वाटले. पण बाबासाहेबांचे लिहिणे कोणी बदलले, असे जे काही जण म्हणत होते ते बरोबर नव्हते. शब्द पहिल्यापासून तेच होते, आपण वाचले नव्हते. ज्या गोष्टीला 'मे' आहे ती टिकवायला मतपेटी आणि संघटना लागते, ती कोर्टातून आपोआप मिळत नाही, हे माझे मत आहे. मतभेद असू शकतात.

शिक्षेच्या कलमांत 'शॅल' आणि 'मे' एकाच वाक्यात शेजारी बसतात. धनादेश न वटल्याचे कलम १३८ घ्या. आमच्याकडे रोजचेच आहे. शिक्षा 'शॅल' होईल, पण कैद दोन वर्षांपर्यंत 'मे' वाढेल. लोक म्हणतात, "चेक परत गेला, दोन वर्षे आत." तसे नाही. दोन वर्षे ही कमाल मर्यादा आहे, आणि त्याआधी लेखी नोटीस व पैसे भरायला पंधरा दिवस आहेत.

याच्या उलट १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा. त्याच्या कलम ३(१) मध्ये कैद सहा महिन्यांपेक्षा कमी 'शॅल नॉट बी' आणि पाच वर्षांपर्यंत 'मे'. खालची बाजू 'शॅल'ने बंद केली आहे. गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायाधीशाला सहा महिन्यांच्या खाली उतरता येत नाही. हा 'शॅल' कोणी फुकट दिलेला नाही. तरीही 'शॅल' असून भागत नाही. २००६ चे खैरलांजी आपल्याच जिल्ह्यातले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. त्या काळी मोठ्या शिक्षेच्या पोटकलमात, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला पाहिजे, अशी अट होती. अट सिद्ध झाली नाही तर पुढच्या 'शॅल'पर्यंत पोहोचताच येत नाही. २०१६ पासून तिथे, पीडित त्या जातीची आहे हे 'माहीत असताना', असे शब्द आले.

विहारात उभा आहे तर धम्माचेही एक सांगतो. ख्रिस्ती धर्मातल्या दहा आज्ञा जुन्या इंग्रजीत 'दाउ शॅल्ट नॉट' अशा आहेत : तू करू नकोस. वरून आलेली आज्ञा. आपण पंचशील घेतो त्यात शेवटी 'समादियामि' म्हणतो. हे प्रथमपुरुषी क्रियापद आहे : मी हा शिक्षानियम स्वीकारतो. त्यात 'मस्ट' नाही, आज्ञा करणारा कोणी नाही. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही 'मानणार नाही', 'करणार नाही' असे मीच म्हणतो. इंग्रजी भाषांतरांत तिथे बहुधा 'आय शॅल' असते. जुन्या नियमाने निर्धारासाठी 'आय विल' हवे, असे एखादा व्याकरणपंडित म्हणेल. मला 'शॅल'च बरा वाटतो. कारण मघाशी सांगितलेच, देणे लागतो.

वेळ संपत आली आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. पुढच्या रविवारी याच वेळी आपण बसणार आहोत. दहावी-बारावीच्या मुलांनी व्याकरणाचे पुस्तक आणले नाही तरी चालेल, 'यू नीड नॉट'. पण प्रत्येकाने घरातला एक इंग्रजी कागद आणावा : विम्याची पॉलिसी, बचतगटाच्या कर्जाचा करार, नोकरीची जाहिरात, काहीही. सोबत दोन रंगांच्या पेन्सिली असाव्यात. 'शॅल' आणि 'मस्ट'खाली तांबडी रेघ, 'मे'खाली निळी. ज्या आयाबायांना इंग्रजी येत नाही त्यांनीही कागद घेऊन यावे, रेघा आम्ही ओढून देऊ.