आधी वाचा, मग पुसा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक लाकडी कॅमेरा सापडला. सागवानी पेटी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, मध्ये चामडी भाता. बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी कुठेच नाही. ती जिथे असावी तिथे खिळ्यांची दोन भोकं. घरात एकमत झालं, सुताराकडून पॉलिश करून घेऊ. पितळ तर मीच चिंचेनं घासायला बसणार होतो.

बरं झालं, आधी नीट न्याहाळला. नाव हरवलेल्या कॅमेऱ्याची ओळख त्याच्या अंगावरच असते. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, सरसाचे सांधे सुटतात. म्हणून विलायती कारखाने उष्ण देशांसाठी पितळी पट्ट्या ठोकलेले सागवानी कॅमेरे बांधत. भिंगाच्या नळीला चीर असेल, तर तिच्यात भोकाची पट्टी सरकवून उजेड कमी-जास्त करत. ही युक्ती १८५८ सालची. अर्थात भिंग मागाहून बदललेलं असू शकतं, एकट्या त्याच्यावर विसंबू नये. प्लेटच्या चौकटीच्या तळाशी काळे डाग असतील, तर कॅमेरा बहुधा ओल्या प्लेटचा. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ती पद्धत १८५१ साली जाहीर केली. प्लेटवरून ओघळलेलं चांदीचं द्रावण लाकडात मुरे आणि काळं पडे.

आमच्या कॅमेऱ्यात ना चीर, ना डाग. पण मागची चौकट काढली तर आतल्या प्रत्येक तुकड्यावर एकच आकडा ठोकलेला: २७. प्रत्येक कॅमेऱ्याचे भाग हातानं एकमेकांना बेतून बसवत. दुसऱ्याचे मिसळू नयेत म्हणून ही खूण. पॉलिशपूर्वी सुतार पॉलिशपेपर मारतो. दोन हातांत ती खूण गेली असती.

तेव्हा ठरवलं, जे पुन्हा काढून टाकता येईल तेवढंच करायचं. मऊ कुंचल्यानं धूळ झटकली. भात्याच्या घड्यांतल्या भोकांना आतून पातळ काळं कापड लावलं, तेही पिठाच्या खळीनं. पितळाला हात लावला नाही. त्यावर लाखेचा मूळ पातळ थर असतो, चिंचेनं तोच आधी जातो. लाकडाला कीड लागली असेल तर मात्र थांबू नये, लगेच उपाय करावा. आणि फोटो काढण्यासाठी नवा भाता घालावाच लागला, तर जुना चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

कॅमेरा आता दिवाणखान्यात आहे, काळवंडलेल्या पितळासकट. पाहुणे विचारतात, घासत का नाही? मी मागची चौकट उघडतो आणि तो आकडा दाखवतो. कॅमेऱ्याचा बाप कोण ते अजून कळायचंय, आणि तोवर त्याची साक्ष पुसायची नाही.