ग्रीन टी : जमा आणि नावे



आरोग्यावर चार शब्द बोलण्यासाठी मंडळाने मला उभे केले आहे. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून आहे. मात्र जमा आणि नावे या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय कोणतीही नोंद मान्य करायची नाही, ही सवय नोकरीने लावली आहे. ग्रीन टीचा हिशेब मी तसाच मांडणार आहे. हल्ली ग्रीन टीने साखर उतरते, पोट कमी होते, कर्करोग टळतो, असे सर्रास ऐकायला मिळते. अशा बोलण्यावर विसंबून एखाद्याने मधुमेहाची चालू गोळी बंद केली, तर त्याची किंमत सगळ्या घराला मोजावी लागेल. म्हणून हा विषय निवडला.

प्रथम एक खुलासा. ग्रीन टी म्हणजे आपला गवती चहा नव्हे. गवती चहा हे एक सुवासिक गवत आहे. ग्रीन टी मात्र ज्या झुडपापासून आपली रोजची चहा पावडर होते, त्याच झुडपाची पाने होत. फरक आहे तो प्रक्रियेचा. नेहमीच्या चहासाठी पाने चुरडून हवेत ठेवतात, त्यामुळे ती काळपट होतात. ग्रीन टीसाठी पाने खुडल्यावर लवकरच तापवतात. चीनमध्ये बहुधा कढईत, तर जपानमध्ये वाफेवर. त्यामुळे पानांतील कॅटेचिन नावाची द्रव्ये बऱ्याच प्रमाणात टिकून राहतात. आपल्या देशात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात असा चहा होतो आणि काश्मीरचा कहवाही याच हिरव्या पानांचा करतात.

या चहाचे आणि बौद्ध भिक्खूंचे नाते जुने आहे. जपानचे झेन भिक्खू एइसाई ११९१ साली चीनहून परतले, ते चहाचे बी बरोबर घेऊन. १२११ मध्ये त्यांनी चहा आणि आरोग्य या विषयावर 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहिला. चहाच्या कडू चवीने हृदयाला बळ मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. ध्यानाला बसलेल्या भिक्खूंना झोप येऊ नये म्हणून विहारांत चहा पीत. त्या जागेपणाचे कारण चहातील कॅफिन, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

विद्यार्थी मित्रांनी, विशेषतः मुलींनी, आणखी एक नाव लक्षात ठेवावे. ते म्हणजे मिचियो त्सुजिमुरा. होक्काइडोच्या विद्यापीठात मुलींना विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता, त्या काळात त्या तिथल्या प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून शिरल्या. १९२४ साली सहकाऱ्याबरोबर त्यांनी ग्रीन टीमध्ये क जीवनसत्त्व असल्याचे दाखवले, १९२९ मध्ये त्यातून कॅटेचिन वेगळे काढले आणि १९३२ मध्ये कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या जपानमधील पहिल्या महिला ठरल्या. ज्या द्रव्यांच्या नावावर आज जगभर ग्रीन टीची पाकिटे खपतात, त्यांच्या अभ्यासामागे या बाईंचे कष्ट आहेत.

आता जमेची बाजू पाहू. जपानमध्ये सुमारे ४०,५०० प्रौढांची अकरा वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. दिवसाला पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांत, एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण पुरुषांमध्ये १२ टक्के आणि स्त्रियांमध्ये २३ टक्के कमी आढळले. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या बाबतीत हा फरक अधिक होता. परंतु कर्करोगाच्या मृत्यूंत असा फरक आढळला नाही. शिवाय अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. इतर प्रयोगांत रक्तातील कोलेस्टेरॉल थोडे उतरल्याचे दिसले, थोडे, एवढेच.

आता नावे. वजनावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१२ साली निघाला. त्यात उतरलेले वजन इतके अल्प होते की, आरोग्याच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही. कर्करोगाबाबत २०२० साली १४२ अभ्यासांचा आढावा झाला, त्यातही ठाम पुरावा मिळाला नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या तर आणखी वेगळी गोष्ट. अशा गोळ्यांतून कॅटेचिनचा मोठा डोस रोज पोटात गेला तर यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला आहे. तेव्हा कपातला चहा निराळा आणि बाटलीतली गोळी निराळी.

भगिनींसाठी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. चहा दुधाचा असो वा ग्रीन टी, जेवणाबरोबर घेतल्यास डाळी आणि पालेभाज्यांतील लोह अंगी कमी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. तेव्हा जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे, आणि जेवताना लिंबू पिळून घ्यावे. त्याने लोह शोषले जाण्यास मदत होते. रक्त पातळ करण्याची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी, तसेच गरोदर भगिनींनी, डॉक्टरांना विचारूनच ग्रीन टी सुरू करावा.

मग नफा कुठे आहे? तो मला साखरेच्या खात्यात दिसतो. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, चमच्यात चार ग्रॅम. म्हणजे रोजची ३२ ग्रॅम साखर. महिन्याला जवळजवळ एक किलो! दिवसभरातील वरची साखर २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण ती मर्यादा नुसत्या चहातच ओलांडतो. ग्रीन टी बिनसाखरेचा पितात, हा त्याचा आपल्या घरापुरता सर्वांत मोठा गुण होय. आणि महाग पाकीट परवडत नसेल तर नेहमीच्या चहातली साखर हळूहळू कमी करावी. या नफ्याचा मोठा भाग फुकट मिळतो.

ज्यांना आवडेल त्यांनी अवश्य प्यावा. पाणी उकळून दोन-तीन मिनिटे खाली ठेवावे, कपाला लहान चमचाभर पाने टाकून झाकावे आणि दोन-तीन मिनिटांनी गाळावे. पाने उकळू नयेत, कडू होतात. कढत चहा मात्र पिऊ नये. ६५ अंशांहून गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो. विद्यार्थ्यांनी रात्री उशिरा घेऊ नये. कॅफिनने झोप जाते आणि झोप गेली की पाठ केलेलेही टिकत नाही.

बंधू-भगिनींनो, ग्रीन टी हे चांगले पेय आहे, औषध नव्हे. त्याचा कप हातात घ्या, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी खाली ठेवू नका. कोणी नवा गुण सांगितला तर विचारा, हे कोणी तपासले, किती माणसांवर तपासले आणि त्यातून विकले काय जात आहे? मुलामुलींनी एवढे तीन प्रश्न घरी नेले, तरी माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.