मार्गदर्शक तत्त्वं आणि आपली महिला सभा

(भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या ग्रामपंचायत सदस्य व बचतगटांच्या बायकांच्या शिबिरातलं भाषण)



आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात इथं पंतसचिवांचं भोर संस्थान होतं. राजगड, प्रचंडगड हे त्याच संस्थानातले तालुके. 1948 साली संस्थान विलीन झालं आणि 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना लागू झाली. तोवर आपण प्रजा होतो, तेव्हापासून नागरिक झालो. प्रजा विनंती करते, नागरिक हक्क मागतो.

घटनेतले मूलभूत हक्क मोडले तर कोर्टात जाता येतं. मार्गदर्शक तत्त्वांसाठी तसं जाता येत नाही, हे 37 वं कलम सांगतं. पण तेच कलम असंही सांगतं की राज्यकारभारात ही तत्त्वं मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं शासनाचं कर्तव्य आहे. मग हे कर्तव्य करून कोण घेणार? आपणच!

40 वं कलम ग्रामपंचायती स्थापन करा म्हणतं. त्याला घटनेचं बळ मिळायला 1993 साल उजाडलं. 73 वी दुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, असंही आपल्या राज्याचा कायदा सांगतो.

पण मी गावांत बैठका घेते तेव्हा बाया काय सांगतात? "ताई, आमच्याकडं रजिस्टरच घरी येतं. सही केली की झाली सभा!" अशा कोऱ्या पानावर उद्या कुठलाही ठराव लिहिला जाईल आणि खाली तुमची सही असेल.

आता 47 वं कलम बघा. शासनानं दारूबंदीसाठी प्रयत्न करावा, असं ते सांगतं. पण दारूच्या करावर शासनाची तिजोरी भरते. त्यामुळे शासन आपणहून दुकान बंद करेल, या भरवशावर राहू नका. बायकांनी लढे दिले, तेव्हा कुठे गावातलं परवान्याचं दुकान मतदानानं बंद करायची वाट कायद्यात आली. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के स्त्री-मतदारांनी सह्यांचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे दिला की गुप्त मतदान घेतलं जातं.

यातली मेख नीट समजून घ्या. गावात 400 स्त्री-मतदार असतील तर अर्जाला 100 सह्या लागतात, पण बाटली आडवी करायला 201 मतं लागतात. मतदानाला आलेल्या बायकांच्या निम्म्याहून जास्त असून भागत नाही, एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे 300 जणी आल्या आणि 200 जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, तरी दुकान चालूच राहतं! जी घरी राहिली, तिचं मत दुकानदाराच्या खात्यात गेलं. आपल्या वाड्या लांब लांब. आवणीच्या दिवसांत सगळ्या खाचरात असतात. तेव्हा कोणत्या वाडीतून कोण कुणाला घेऊन येणार, म्हातारीला कोण आणणार, हे आधी ठरवावं लागतं.

ही तयारी करायची जागा म्हणजे महिला सभा. म्हणून इथून जाताना तीन गोष्टी ठरवून जा. सभा भरल्याशिवाय सही करायची नाही. ठराव आपल्यासमोर लिहून, वाचून घ्यायचा. आणि तो ग्रामसभेत मांडायला एकटीनं नाही, दहाजणींनी जायचं.