हळू आवाजात पूर्ण गाणं
(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीत हेडफोनवर व्याख्यान, हे ऐकून काही जण हसले असतील. पण वर्षभरात मंडळातल्या कितीतरी जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "काका, दोन हजारांच्या आत चांगला हेडफोन सांगा ना." प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगावं, असं कार्यवाहांनी सुचवलं.

आधी माझी पात्रता सांगतो. पस्तीस वर्षं मी इथे इंदूरला रेडिओ, टेप आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. दुकान अगदी रस्त्यावर, समोर टेम्पोंची वर्दळ. मशीन तपासायला हेडफोन लावायचो आणि बाहेरचा गोंगाट झाकायला आवाज वाढवायचो. आज माझ्या डाव्या कानात दिवसरात्र एक बारीक शिट्टी वाजते. वरच्या पट्टीचे आवाज त्या कानाला नीट पोचत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. तेव्हा आज जे सांगतो आहे, त्याची फी मी भरलेली आहे.

म्हणून माझी व्याख्या साधी आहे. हळू आवाजातही ज्यावर सगळं गाणं ऐकू येतं, तो चांगला हेडफोन. बाकी सगळं या एका वाक्यातून निघतं.

हळू म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावं. लहान मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. गंमत पुढे आहे. आवाज 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. 83 वर 20 तास, 86 वर 10, 89 वर फक्त 5. व्हॉल्यूमची पट्टी थोडी सरकली तरी हिशेब किती बदलतो, बघा.

मग आपण आवाज वाढवतो कशाला? बहुतेक वेळा बाहेरचा गोंगाट आत शिरतो म्हणून. त्यामुळे पहिली परीक्षा कानात नीट बसण्याची. कानात घालायच्या इअरफोनबरोबर रबराच्या टोप्यांचे दोन-तीन आकार येतात. बहुतेक लोक लावून आलेलीच टोपी वापरतात आणि बाकीच्या डब्यात पडून राहतात. सगळ्या लावून बघा. टोपी सैल असली की डग्ग्याची घुमक नाहीशी होते आणि आपण यंत्राला नावं ठेवतो. दोन्ही कानांना वेगवेगळा आकार लागणंही अगदी साहजिक आहे. कानावर बसणारा मोठा हेडफोन घेणार असाल, तर गादीने पूर्ण कान झाकला पाहिजे. चष्मा लावूनच तपासा. चष्म्याच्या काडीमुळे गादी उचलली जाते आणि अर्ध्या तासात कानामागे दुखायला लागतं. मात्र असा घट्ट हेडफोन लावून रस्त्यावर चालू नका. मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी.

दुसरा प्रश्न, वायर की ब्लूटूथ? कमी पैशांत माझं मत वायरच्या बाजूने. ब्लूटूथच्या किमतीत बॅटरी, चार्जिंगची डबी, रेडिओचा भाग हे सगळं आलं. वायरच्या हेडफोनमध्ये तोच पैसा आवाजावर खर्च होतो. शिवाय बॅटरी काही वर्षांत थकते आणि छोट्या इअरबडमधली बदलणं फार अवघड. फिरताना आणि फोनवर बोलायला ब्लूटूथ सोयीचा, हे मान्य. पण घरी बसून मैफल ऐकायची असेल तर वायर. बऱ्याच नव्या फोनना गोल भोक नसतं, तिथे टाइप-सीचा जोड लागतो. प्रत्येक जोड प्रत्येक फोनला चालत नाही, म्हणून फोन घेऊनच दुकानात जा. वायर सुटी होणारी आणि गाद्या बदलता येणारा मिळाला तर उत्तम. हेडफोन पुष्कळदा वायरीपाशीच मरतो, हे मी दुकानात रोज पाहिलं आहे.

तिसरं, डब्यावरचे आकडे. 20 ते 20,000 हर्ट्झ असं जवळजवळ प्रत्येक डब्यावर छापलेलं असतं. त्या पट्ट्यात आवाज किती समतोल आहे, ते त्यावरून कळत नाही. आतला पडदा किती मिलिमीटरचा, यावरूनही नाही. एक आकडा मात्र बघा, ओहमचा. फोनसाठी 16 ते 32 ओहमचा ठीक. स्टुडिओचा 250 ओहमचा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, फोनवर त्याचा आवाज दबलेला येईल. गोंगाट रद्द करणारी यंत्रणा पंख्याची किंवा बसची सलग घरघर कमी करते, शेजारच्या गप्पा फारशा नाही. या किमतीत नीट बसलेली टोपीच जास्त उपयोगी.

आता ऐकून कसं बघायचं? दुकानदार दणदणीत गाणं लावेल. त्याला थांबवा आणि आपलं पाठ असलेलं गाणं लावा. मी कुमार गंधर्वांचं ध्वनिमुद्रण नेतो. इथून तासाभरावर देवासला राहिलेले कुमारजी, तानपुरे लावण्यात किती काटेकोर होते, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना सांगायला नको. व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली ठेवा, दुकानातला पंखा चालू राहू द्या. खर्जाची तार वेगळी कळते का? जवारी ऐकू येते का? मग एखादं नाट्यगीत लावा. शब्द स्पष्ट हवेत, पण 'स' आणि 'श' कानाला टोचता कामा नयेत. नुसताच ठोका पुढे आणि गाणारा मागे गेला, तर तो हेडफोन ठेवून द्या. पंधरा मिनिटं डोक्यावर असू द्या, दाब जाणवेल तो तेव्हाच. ऑनलाइन घेणार असाल तर परतीचा नियम आधी वाचा.

तरुण मुलांना एक विनंती. माझी नात अभ्यासाच्या वेळी कानात काहीतरी घालूनच बसते. मी रागावलो नाही. तिच्या फोनमध्ये आवाजाची मर्यादा घालायची सोय होती, ती दोघांनी मिळून लावली. मग तिला म्हटलं, हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी किंवा बधिरपणा वाटला, तर तो इशारा समज. तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला असं वाटायचं का?" वाटायचं. रोज रात्री दुकान बंद करताना वाटायचं आणि सकाळी जायचं. एके दिवशी ते गेलं नाही.

चार दिवसांनी अनंत चतुर्दशी आहे. रात्रभर झांक्या निघतील, आपण सगळे बघायला जाऊ, जायलाच हवं. फक्त भोंग्यांच्या भिंतीपासून लांब उभे राहा, मुलांना खांद्यावर घेऊन तिच्यासमोर जाऊ नका. कापसाचा बोळा पुरत नाही. फोमचे इअरप्लग थोड्या पैशांत मिळतात, खिशात ठेवा.

आपल्या बाप्पाला शूर्पकर्ण म्हणतात, सुपासारख्या कानांचा. सूप दाणे ठेवतं आणि फोलपटं उडवून देतं. खरेदीला जाताना डब्यावरच्या जाहिरातीचं तेवढंच करा. पैसे थोडे असले तरी चालेल, कान मात्र आहेत तेवढेच आहेत.

गणपती बाप्पा मोरया!