पावसाळ्यासाठी गाडी बांधून ठेवताना

मागच्या भागानंतर दोघातिघांनी विचारलं, की तुझी ती दोन सीटची गाडी जून ते सप्टेंबर असते कुठे? तर आजचा भाग त्यावरच.

आधी गाडीबद्दल थोडं. सॅन स्टॉर्म. गोव्यात तयार झालेली, कापडी छपराची, फायबरच्या बॉडीची, आत रेनोचं 1149 सीसीचं इंजिन. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात, आणि खरंय, आजची साधी हॅचबॅकसुद्धा तिला सहज मागे टाकेल. पण टप मागे टाकून रोह्याहून चणेऱ्याच्या बाजूला निघालं की वेगाचं काही वाटत नाही. प्रश्न एवढाच, की ही गाडी बनायची बंद होऊन बरीच वर्षं झाली. छपराचं कापड कुजलं किंवा दाराचं रबर उंदराने खाल्लं, तर दुकानात जाऊन नवीन घेता येत नाही. म्हणून हे चार महिने महत्त्वाचे.

इंटरनेटवर शोधलंत तर सगळे व्हिडिओ 'विंटर स्टोरेज'चे. कूलंट गोठू नये म्हणून काय करा, गाडी गॅरेजमध्ये कशी बंद करा, वरून कव्हर कसं घट्ट ओढा. हे त्या देशात बरोबर आहे. तिथे हवा थंड आणि बऱ्यापैकी कोरडी. आपल्या रायगडात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तोही उबदार हवेत. इथे घट्ट झाकलेली गाडी म्हणजे बुरशीचं शेत. त्यांच्याकडे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून ते गाडी आत ठेवतात. आमच्या पेणच्या खाडीपट्ट्यात मीठच पिकायचं, वाराच खारा. म्हणजे शत्रू वेगळा नाही, पण तो येतो वेगळ्या वाटेने.

आता जागा. माझ्याकडे दोन पर्याय होते. रोह्याला मामाचं पक्कं गॅरेज, शटर वगैरे. आणि पेणला आमच्या घरामागची पत्र्याची शेड, तीन बाजूंनी उघडी. सगळ्यांचं मत रोहा. मी पेण घेतलं. मामाचं घर कुंडलिकेच्या जवळ, आणि 26 जुलै 2005 ला त्या गॅरेजात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण मामीने भिंतीवर अजून ठेवलीय. कमरेच्या वर. शिवाय शटर बंद केलं की आत वारा शून्य. पेणची शेड जोत्यावर आहे, रस्त्यापासून चांगली दोन हात उंच. (पेणमध्ये बंद कोरडी जागा भाड्याने मिळेल असं वाटत असेल तर विसरा. गौरी-गणपती होईपर्यंत सगळ्या शेड गणपतींनी भरलेल्या असतात, आणि त्यांचा हक्क आधी.)

मेच्या शेवटी गाडी धुतो. वरून कमी, खालून जास्त, साध्या पाण्याने. बॉडी फायबरची असली तरी चेसिस लोखंडाची आहे. मग दोन दिवस उन्हात, टप वर करून. टप कधीही घडी करून ठेवायचं नाही, घडीतच काळं पडतं. इंजिन ऑइल आधी बदलायचं, कारण जुनं ऑइल आम्लधर्मी झालेलं असतं. ब्रेक ऑइल मात्र पावसाळ्यानंतर, ते हवेतला ओलावा पितं. पेट्रोलची टाकी काठोकाठ. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे टाकीत हवेला जागा जितकी कमी तितकं बरं.

हँडब्रेक लावायचा नाही. ओलाव्याने चिकटतो, मग ऑक्टोबरमध्ये चाक हलत नाही. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना विटा लावा. क्लचचंही तेच, प्लेट फ्लायव्हीलला धरून बसते. त्यासाठी पॅडल दाबून त्याच्या आणि सीटच्या मध्ये एक काठी अडकवतो. टायरमध्ये हवा जरा जास्त. बॅटरी काढून घरात. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या नळीत बारीक लोखंडी जाळी, उंदरांसाठी. मच्छरजाळी लावू नका, ती ते नाश्त्याला खातात.

आणि कव्हर? आईच्या दोन जुन्या सुती चादरी शिवून. निळी ताडपत्री शेडच्या वाऱ्याच्या बाजूला बांधायची, गाडीवर नाही. पेणमध्ये अर्ध्या गाड्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या दिसतात, मला बघवत नाही.

खरा वाद बाबांशी. मी पुण्याला, महिन्यातून दोनदा येतो, बाकी सगळं त्यांच्यावर. त्यांचं म्हणणं, "दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो, इंजिन मोकळं राहतं." त्यांनी तीस वर्षं स्कूटर अशीच सांभाळली. पण पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, आणि पाच मिनिटांत सायलेन्सर ती उडवण्याइतका तापत नाही. पाणी आतच राहतं, ऑइलमध्येही जातं. अर्धा तास रस्त्यावर पळवली तर ठीक, पण जुलैत आमच्या हायवेवर या उंचीची गाडी नेणार कोण? शेवटी ठरलं असं, की चालू करायची नाही, पण रविवारचा हक्क बाबांचा. कोरडं ऊन पडलं तर चादर काढायची, दारं तासभर उघडी ठेवायची. आतल्या सिलिका जेलच्या पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर परत निळ्या करायच्या. बॅटरी मीटरवर बघायची, 12.4 व्होल्टच्या खाली गेली तर चार्जर. हे सगळं ते वहीत लिहितात, तारखेसकट. मागच्या ऑगस्टमध्ये एका पानावर नुसतं "ऊन नाही" असं तीनदा लिहिलेलं होतं.

एक काम विसरू नका. स्टिअरिंगला एक पुठ्ठा बांधा आणि त्यावर लिहा: क्लचची काठी, सायलेन्सरची जाळी, हवेच्या नळीची जाळी, विटा. दसऱ्याला हार घालून चावी फिरवायची घाई सगळ्यांनाच असते. आमच्या पुठ्ठ्यावर बाबांनी खाली स्वतःहून एक ओळ वाढवलीय, "आधी मला हाक मार."